मातीतली ढोरं कोण मोजणार?



वऱ्हाडातल्या कोणत्याही कास्तकाराला रात्री झोपेतून उठवून विचारा, 'बी.टी.' म्हणजे काय ते तो सांगेल. पाकीट केवढ्याला पडले, कोणते वाण भारी जमिनीत चालते, कोणते बरडावर टिकते, २०१७ साली गुलाबी बोंडअळीने त्याच बी.टी.च्या बोंडांची काय गत केली, हे सारे त्याला पाठ आहे. परंतु ही दोन अक्षरे एका जिवाणूच्या नावाची आहेत आणि तो जिवाणू मातीत राहतो, हे सांगणारे गावात किती निघतील? बॅसिलस थुरिंजिएन्सिस हे त्याचे पूर्ण नाव. १९०१ मध्ये जपानात रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना इशिवाता या शास्त्रज्ञाला तो सापडला. पुढे जर्मनीतल्या थुरिंजिया भागात बर्लिनर याला पिठातल्या अळीत तो पुन्हा मिळाला आणि १९१५ मध्ये त्याने त्याला हे नाव दिले. त्या जिवाणूचे जनुक कपाशीत घातले गेले. २००२ च्या मार्चमध्ये भारत सरकारने त्या बियाण्याला परवानगी दिली आणि दहा-बारा वर्षांत वऱ्हाडातली जवळजवळ सारी पऱ्हाटी बी.टी. झाली.

डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाने आपल्या शेतीचे सारे गणित फिरवले. तो जीव आपल्या पायाखालच्या मातीतलाच. पण त्याला पाहिले दुसऱ्यांनी, त्याची ओळख पटवली दुसऱ्यांनी, आणि आपल्या वाट्याला आले ते फक्त पाकीट आणि पाकिटावरची किंमत. जो पाहतो तो विकतो आणि जो पाहत नाही तो विकत घेतो, असा हा सरळ हिशेब आहे. हा हिशेब बदलायचा असेल तर सुरुवात कृषी केंद्राच्या काउंटरवर होणार नाही. ती गावच्या शाळेत करावी लागेल. या अंकात मुद्दाम हा विषय घेतला आहे तो त्यासाठी.

बाटलीत काय आहे?

आज कृषी केंद्राची फळी जिवाणूंच्या पाकिटांनी आणि बाटल्यांनी भरलेली असते. तुरीला, हरभऱ्याला, सोयाबीनला रायझोबियम. ज्वारीला आणि कपाशीला ॲझोटोबॅक्टर. सगळ्यांना स्फुरद विरघळवणारे जिवाणू. मर रोगाला ट्रायकोडर्मा. या गोष्टी खोट्या नाहीत. द्विदल पिकाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात, हे हेलरिगेल आणि विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी १८८० नंतरच्या दशकात सिद्ध केले. १८८८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकने ते जिवाणू वेगळे काढून दाखवले. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठही जिवाणू खते आणि ट्रायकोडर्मा तयार करते. शास्त्र पक्के आहे. प्रश्न आहे तो तुमच्या हातात पडलेल्या पाकिटात जीव शिल्लक आहे की नाही, याचा.

जिवाणू खत म्हणजे युरिया नव्हे. युरियाची गोणी कोरड्या जागी दोन वर्षे ठेवली तरी युरिया युरियाच राहतो. जिवाणूंना उष्णता मारते, ऊन मारते, मुदत संपली की ते आपोआप मरतात. अकोल्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो. अशा उन्हात पत्र्याच्या गोदामात पडून राहिलेले पाकीट जूनमध्ये तुमच्या हाती येते तेव्हा त्यात जीव आहे की नुसती काळी भुकटी आहे, हे वरून दिसत नाही. कित्येकदा तर ते मागून घेतलेलेही नसते. डी.ए.पी. हवे असेल तर ही बाटली घ्यावीच लागेल, असे सांगून ते गळ्यात मारले जाते.

कायदा आहे. खत नियंत्रण आदेश १९८५ चा. त्यात २००६ मध्ये जिवाणू खते आणली गेली. भुकटीच्या पाकिटात दर ग्रॅमला किमान ५ कोटी आणि द्रवरूप बाटलीत दर मिलिलिटरला किमान १० कोटी जिवंत जिवाणू असले पाहिजेत, असे तो आदेश सांगतो. आता मला सांगा, आपल्या तालुक्यात हे ५ कोटी कोणी मोजून पाहिले?

बारा रकाने आणि एक विसर

सरकार मोजदाद करत नाही असे नाही. दर काही वर्षांनी पशुगणना होते. तलाठी झाडे मोजतो, विहिरी मोजतो. २०१५ च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने आहेत: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. नाव 'आरोग्य' पत्रिका. परंतु आरोग्य जिवंत वस्तूला असते, आणि मातीत जिवंत काय आहे याचा या बारांत एकही रकाना नाही. सेंद्रिय कर्ब म्हणजे त्या जीवांची चारा-वैरण. गोठ्यात कुटार किती आहे ते लिहिले, ढोरं किती आहेत आणि चरतात की मेली, ते लिहायचे राहून गेले.

ही ढोरं थोडीथोडकी नाहीत. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये, म्हणजे चिमूटभर मातीत, कोट्यवधी जिवाणू असतात. कडबा कुजवून त्याचे खत करतात ते हेच. गाय-बैल कुटार पचवतात तेही पोटातल्या अशाच जीवांच्या जोरावर. पहिल्या पावसाचा जो वास आपल्याला वेडा करतो, त्याचा मोठा वाटा मातीतल्या ॲक्टिनोमायसिट्स नावाच्या जीवांचा आहे.

नववी-दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत सूक्ष्मजीवांवर धडे आहेत. आपली पोरं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात. पण त्यातली किती पोरं बापाच्या वावरातली तूर उपटून मुळावरची गाठ ब्लेडने कापून पाहतात? २०२० च्या जूनमध्ये बुलडाणा जिल्ह्यातले लोणारचे सरोवर गुलाबी झाले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितले की हा रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. जगभरातले अभ्यासक ज्या सरोवराच्या पाण्यावर काम करतात, ते आपल्यापासून एका एसटीच्या अंतरावर. आणि आपल्या पोरांनी ते पाहिले मोबाईलवरच्या फोटोत.

तीन प्रयोग

प्रयोगशाळा नाही म्हणून प्रयोग नाही, ही सबब चालणार नाही. सूक्ष्मजीव जगात पहिल्यांदा ज्याने पाहिले तो हॉलंडमधला लेवेनहूक, कापडाचा व्यापारी. भिंगातून धागे तपासण्याच्या धंद्यातला माणूस. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. कापसाच्या मुलखातल्या पोरांना याहून जवळचा पूर्वज कुठे मिळणार?

पहिला प्रयोग कापडाचा. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि मातीतल्या जीवांचे ते आवडते खाणे. कॅनडातल्या शेतकऱ्यांनी वावरात सुती चड्ड्या पुरून जमीन किती जिवंत आहे ते तपासण्याची मोहीम चालवली. २०२१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिथल्या कृषी संशोधन संस्थेने शेकडो शेतकरी आणि बागवाले घेऊन तेच केले. आपण चड्ड्या पुरायची गरज नाही. कोऱ्या मांजरपाटाचे वीतभर लांबी-रुंदीचे सारखे तुकडे कापा. गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाका. टेरिकॉट चालणार नाही, त्यातला पॉलिएस्टरचा धागा मातीत कुजत नाही. सोनाराच्या काट्यावर प्रत्येक तुकडा तोलून वजन वहीत लिहा. आषाढीच्या सुमारास, जमीन ओली झाली की, चार बोटे खोल पुरून खुंटी ठोका. एका ठिकाणी तीन तुकडे, कारण एका तुकड्यावरून निष्कर्ष काढणे म्हणजे एका बोंडावरून उतारा सांगणे. महालक्ष्म्या उठल्या की काढा, साधारण आठ आठवडे होतात. अधिक महिना मध्ये आला तर दिवस मोजा. धुवा, वाळवा, पुन्हा तोला. जितके वजन घटले तितके मातीने खाल्ले.

कुठे पुरायचे? इथेच खरे शिक्षण आहे. एक जागा धुऱ्याच्या कडेला गवतात. एक दरसाल शेणखत पडते त्या घराजवळच्या वावरात. एक वर्षानुवर्षे नुसत्या रासायनिक खतावर चाललेल्या पऱ्हाटीत. एक बरडावर. पूर्णेच्या खोऱ्यातल्या गावांनी एक खारपाणात पुरावा. आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या सुभाष पाळेकरांनी जीवामृताचा प्रसार केला, त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. कोणी म्हणतो त्याने माती जिवंत होते, कोणी टिंगल करतो. पोरांनी एकाच वावरात पाच तास जीवामृताचे आणि शेजारचे पाच तास नुसत्या पाण्याचे ठेवावे आणि दोन्हीकडे कापड पुरावे. श्रद्धाही नको, टिंगलही नको. काटा जे सांगेल ते लिहा.

दुसरा प्रयोग गाठींचा. तूर, मूग किंवा सोयाबीन पेरताना चार तास जिवाणू लावलेल्या बियाण्याचे आणि चार तास साध्या बियाण्याचे. ३५ ते ४० दिवसांनी दोन्हीकडची दहा-दहा झाडे खुरप्याने मातीच्या ढेकळासह काढायची. उपटली तर गाठी मातीतच राहतात. बादलीत हलक्या हाताने धुवायची, गाठी मोजायच्या आणि कापून रंग पाहायचा. आतून गुलाबी-लाल असेल तर गाठ नत्र धरते आहे. आपल्या रक्तात असते त्याच जातकुळीचे द्रव्य तो रंग देते. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती बसून खाते आहे. दोन्ही तासांत फरक नसेल तर दोन शक्यता: पाकीट मेलेले होते, किंवा आपल्या मातीत ते जिवाणू आधीच भरपूर होते. यातले खरे कोणते, हे शोधायला तिसरा प्रयोग.

तिसरा प्रयोग कॉलेजच्या पोरांसाठी. अमरावती-अकोल्याच्या विज्ञान महाविद्यालयांत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवले जाते. तिथली पोरं वर्षानुवर्षे ठरलेल्या नमुन्यांवर ठरलेले प्रयोग करून जर्नल भरतात. त्यांच्या हाती दुकानातले सीलबंद पाकीट द्या. रीत सोपी आहे. एक ग्रॅम भुकटी नऊ मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात, झाली दहा पट पातळ. त्यातले एक मिलिलिटर पुन्हा नऊमध्ये, शंभर पट. असे सहा वेळा केले की दहा लाख पट. त्याचे एक मिलिलिटर त्या जिवाणूला मानवणाऱ्या खाद्याच्या बशीत टाकायचे आणि काही दिवसांनी उगवलेले ठिपके मोजायचे. ५० ठिपके आले तर ५० गुणिले १० लाख, म्हणजे ५ कोटी. बरोबर कायद्याचे किमान. पाच ठिपके आले तर पाकिटात कायद्याच्या दहावा हिस्सा माल. एकही आला नाही तर आपण कोळशाची भुकटी विकत घेतली. हे गणित सातवीतल्या पोराला समजते.

या मोजणीच्या मर्यादाही पोरांना सांगितल्या पाहिजेत. पाकिटातला ओळखीचा जिवाणू बशीत उगवतो, पण मातीतल्या शंभर प्रकारांतला एखादाच उगवतो. म्हणून मातीसाठी कापड आणि पाकिटासाठी बशी. कोरड्या वर्षी कापड कुजणार नाही, त्यात मातीचा दोष नाही. म्हणून एका गावातले, एका पावसातले तुकडेच एकमेकांशी ताडून पाहायचे. आणि पोरांचा आकडा कोर्टात चालत नाही. तिथे खत निरीक्षकाने घेतलेला नमुना आणि अधिसूचित प्रयोगशाळेचा अहवालच लागतो. परंतु पाच दुकानांतल्या पाकिटांचे आकडे घेऊन शंभर शेतकरी कृषी अधिकाऱ्यासमोर उभे राहिले, तर नमुना घेणार नाही असे म्हणायची त्याची छाती होणार नाही.

सातपुड्यापलीकडचा धडा

खेड्यातल्या पोरांना हे जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी सातपुडा ओलांडून पाहावे. मध्य प्रदेशात होशंगाबाद, आताचे नर्मदापुरम, या जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा ग्रामीण शाळांत पोरांनी स्वतः प्रयोग करून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे तो सरकारी शाळांतून सुमारे हजार शाळांपर्यंत पोचला. पोरं शिवारात जात, नमुने आणत, प्रश्न विचारत. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये सरकारने एका हुकमाने बंद केला. आपल्याकडे पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला आणि हाताने काम करत शिकण्याचा अभ्यासक्रम शाळांत नेला. यातून दोन धडे मिळतात. खेड्यातली पोरं हे उत्तम करतात. आणि ज्या कार्यक्रमाची दोरी सरकारच्या हाती, तो सरकारच्या लहरीवर जगतो. केंद्राने २०२३ मध्ये शाळांतून माती तपासणीचा कार्यक्रम सुरू केला, त्याची सुरुवातही केंद्रीय आणि नवोदय विद्यालयांतून झाली. आपली पोरं जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत. आपल्याला वाट पाहून चालणार नाही.

भावाचा प्रश्न बाजूला पडतो का?

काही कार्यकर्ते विचारतील, कापसाला भाव नाही, ज्वारीचे वावर रानडुकरांनी खाल्ले, आणि तुम्ही पोरांना चिंध्या पुरायला सांगता? प्रश्न रास्त आहे. उत्तरही स्पष्ट असले पाहिजे. शेतीमालाला रास्त भाव हा आपला पहिला प्रश्न आहे आणि राहील. उद्या कोणी पुढारी किंवा साहेब सभेत उभा राहून सांगू लागला की जमिनीचे आरोग्य सुधारा, म्हणजे कर्जे फिटतील, तर त्याला तिथेच थांबवा. शेतकरी बुडाला तो मातीतले जिवाणू कमी झाले म्हणून नाही. तो बुडाला धोरणाने.

परंतु भावाची लढाई दोन्ही टोकांना असते. विकताना कमी मिळते आणि घेताना जास्त जाते. मेलेल्या पाकिटाला दिलेला रुपया हाही आपल्या घामाचाच. शिवाय आपण तंत्रज्ञानाच्या स्वातंत्र्यासाठी लढलो. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक-सहनशील बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. कोणते तंत्रज्ञान घ्यायचे हे ठरवण्याचा हक्क आमचा, ही ती मागणी. हा हक्क मागणाऱ्याजवळ पारखण्याची ताकदही हवी. ती नसेल तर सरकारच्या दावणीतून सुटून आपण कंपनीच्या किंवा बाबा-महाराजांच्या दावणीला जाऊ.

दुसरा आक्षेप मायबहिणींचा असतो: लेकरांना शाळेत घातले ते मातीतून सुटावे म्हणून. खरे आहे. पण या प्रयोगातून पोर मातीत अडकत नाही. मोजायला शिकते, शंका घ्यायला शिकते, आकडा मांडून भांडायला शिकते. ही विद्या घेऊन ते प्रयोगशाळेत जाईल, कारखान्यात जाईल किंवा वावरात येईल. कुठेही गेले तरी त्याला कोणी सहजी फसवणार नाही. आणि कापड कुठे पुरायचे हे ठरवताना आईला विचारावे. निंदण-वेचणीत वावराचा हातन् हात तिच्या पायाखालून गेलेला असतो.

कार्यक्रम

येत्या जिल्हा बैठकीत खालील गोष्टी ठरवाव्यात.

एक, प्रत्येक तालुक्यातून निदान दोन शाळा निवडाव्यात. मास्तरांवर आधीच निवडणूक, जनगणना आणि खिचडीचा भार आहे. म्हणून गावातल्या एका कार्यकर्त्याने मांजरपाट, खुंट्या, वही आणि काटा यांची जबाबदारी घ्यावी.

दोन, पोरांच्या जिवाला जपावे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने आपली माणसे गेली, ते विसरू नका. फवारलेल्या वावरात निदान दहा दिवस पोरांना नेऊ नये. पायात बूट, हातात काठी, सोबत मोठे माणूस. काम झाल्यावर साबणाने हात. बशा उघडायच्या नाहीत, प्रयोग संपल्यावर कुकरमध्ये शिजवूनच फेकायच्या.

तीन, अमरावती आणि अकोल्याच्या महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना भेटून पाकिटांच्या मोजणीची विनंती करावी. पाकीट संघटनेने पक्क्या पावतीने विकत घ्यावे, त्यावरचा लॉट क्रमांक आणि मुदत टिपून ठेवावी.

चार, मृदा आरोग्य पत्रिकेत मातीतल्या जीवांचा तेरावा रकाना हवा, आणि पेरणीपूर्वी दरसाल जिवाणू खतांचे नमुने काढून निकाल तालुक्याच्या फलकावर लागले पाहिजेत, हा ठराव करून कृषी खात्याकडे पाठवावा.

पाच, २७ डिसेंबरला डॉ. पंजाबराव देशमुखांची जयंती असते. १९३२ मध्ये अमरावतीत श्री शिवाजी शिक्षण संस्था उभारून त्यांनी कास्तकाराच्या पोरांना शाळेचे दार उघडले. त्या दिवशी हारतुऱ्यांबरोबर पोरांनी पुरून काढलेली कापडे गावच्या चावडीत दोरीवर टांगावीत. प्रत्येकाखाली वावराचा प्रकार, खताचा हिशेब आणि घटलेले वजन लिहिलेले असावे. ज्याचे कापड जसेच्या तसे निघाले त्याला कोणी हसू नये. आपले वावर उपाशी आहे हे त्याला कळले, आणि गावाला पुढच्या सालचा प्रयोग मिळाला.